बिल वाचणारी अक्का गेली

बाळीवेसकर | बुधवार, रात्री ११.१०

अक्का मंगळवारी पहाटे गेली. झोपेतच. वय ३१.

सोमवारी रात्री साडेदहाला तिचा फोन आला होता. अक्कलकोट तालुक्यातल्या एका आजींचं डिस्चार्ज कार्ड दवाखान्याने अडवून ठेवलं होतं, ते मिळालं का एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हणालो, उद्या जातो. आज ते कार्ड मिळालं. टेबलावर ठेवलंय. कुणाला कळवायचं हे सुचेना, म्हणून इथे लिहायला बसलो.

तिचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. ज्यांना ती माहीत होती त्यांना 'अक्का' म्हटलं की पुरे. साठीच्या बायकाही तिला अक्काच म्हणायच्या.

पेपरात चार ओळी आल्यात, 'सामाजिक कार्यकर्तीचे निधन'. ती काय करायची ते त्या चार ओळींत नाही. ती बिलं वाचायची. दवाखान्याचं बिल हातात घेतलं की पहिल्यांदा शेवटचा आकडा अंगठ्याने झाकायची आणि वरून एकेक ओळ वाचत खाली यायची. आकडा आधी बघितला की माणूस घाबरतो आणि मग वाचत नाही, असं म्हणायची.

हे कुठून आलं ते सांगतो. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते, त्यांत आपलं सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता. त्याच हिवाळ्यात अक्काच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. घरात केशरी कार्ड होतं, दवाखाना योजनेत होता. तरी काउंटरवर डिपॉझिट मागितलं आणि मागितलं म्हणून यांनी भरलं. आईचं गंठण गहाण पडलं. अक्का तेव्हा बारावीत होती.

योजनेचं तिला दोन वर्षांनी कळलं. पैसे परत मिळाले नाहीत. "मला वाचता येत होतं ओ काका," असं ती मला एकदा म्हणाली, "पण वाचायला तिथं काही लावलेलंच नव्हतं."

तिची सगळी लढाई त्या न लावलेल्या फलकाची होती. नवा कायदा तिला पाहिजेच होता. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा मंजूर झाला, तेव्हा तिने त्याची हिंदी प्रत छापून आणली आणि चार रविवार बसून मराठीत उतरवली. असा कायदा महाराष्ट्रात यावा म्हणून तिने सह्या गोळा केल्या, मुंबईपर्यंत निवेदनं दिली. पण आज जे नियम आहेत ते आज रात्री भरती होणाऱ्या माणसाला कळले पाहिजेत, हा तिचा हट्ट होता.

ज्यांना तिच्याबद्दल सांगायचंय त्यांनी लिहा.

---

पूर्वभाग७२ | बुधवार, रात्री ११.५२

विश्वास बसत नाही. परवा रविवारी कन्ना चौकात भेटली होती, हातात पिशवी, पिशवीत नेहमीच्या झेरॉक्स.

आमच्या गल्लीत बायका सगळ्या विडीवाल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. दवाखान्यात मराठीत काय विचारायचं म्हणून तोंड बंद करून बसायच्या. अक्काने त्यांना दोनच शब्द पाठ करून घेतले होते, "बिल्लु चूपिंचंडी". बिल दाखवा. हे तेलुगूत म्हणा नाही तर मराठीत, पण म्हणा. अक्कलकोटकडच्या बायका आल्या की कानडीत, "अंजब्याड्री". घाबरू नका.

माझ्या बायकोच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनला मी सावकाराकडून पैसे आणायला निघालो होतो. ही दारात आडवी. "कुठं चाललाव ओ मामा? कार्ड दाखवा आधी." कार्ड केशरी. दवाखाना योजनेत. मला त्या दवाखान्यात योजनेची मदत करायला आरोग्यमित्र म्हणून कुणी बसतो हेच माहीत नव्हतं. दोन तास त्याच्या टेबलासमोर बसलो, तो जेवायला गेला होता. ही बसली माझ्याबरोबर. आला तेव्हा तिने त्याला आधी पाणी दिलं, मग कागद पुढं केले.

भांडायची नाही कधी. लोकांना वाटतं असल्या पोरी भांडतात.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ७.२०

आत्ताच ड्यूटीवरून आले. मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे.

आम्हाला सुरुवातीला ती नको वाटायची. एका वॉर्डात साठ पेशंट, आम्ही दोघी, आणि ही प्रश्न विचारणारी. एकदा मी तिच्यावर ओरडले, सगळ्यांसमोर. ती गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही किती वाजल्यापासून उभ्या आहात?" मला पटकन सांगता येईना. दुसऱ्या महिन्यात तिने जे निवेदन दिलं त्यात पहिली मागणी परिचारिकांची रिक्त पदं भरण्याची होती, रुग्णांच्या मागण्या त्याच्या खाली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

त्यानंतर रात्री एखादा बेवारस पेशंट आला, नातेवाईक नाहीत, कागद नाहीत, की मी तिला मेसेज टाकायचे. सकाळी सहाला हजर.

आज रात्री असाच एक आला. मोबाइल हातात घेतला आणि मग आठवलं.

---

जुळे_सोलापूर | गुरुवार, सकाळी ९.०५

वाईट झालं. पण इतक्या तरुण वयात अचानक म्हणजे नेमकं काय? आधी काही त्रास होता का? कामाच्या ताणाने असं काही जण म्हणतायत.

---

बाळीवेसकर | गुरुवार, सकाळी ९.३०

हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलंय. त्यापलीकडचं आपण इथे बोलू नये. तिने रुग्ण हक्कांची सनद गल्लोगल्ली वाचून दाखवली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये केलेली, सतरा हक्कांची. त्यात आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. तो तिलाही आहे.

---

दूरदेशी | गुरुवार, दुपारी १.१५

मी पुण्यात असते, माहेर होटगी रोडला. कोविडच्या पहिल्या वर्षी बाबा सोलापुरात एका खासगी दवाखान्यात नऊ दिवस होते. मला येता येत नव्हतं. कुणीतरी अक्काचा नंबर दिला. आमची ओळखदेखील नव्हती.

मी बिलाचा फोटो पाठवला. अर्ध्या तासात फोन आला. तेव्हा सरकारने खासगी दवाखान्यांना दर ठरवून दिले होते, साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बेड, नर्सिंग, डॉक्टरांची व्हिजिट, जेवण हे सगळं त्या दरात धरलेलं होतं. पीपीई किट आणि काही महागडी औषधं वेगळी. आमच्या बिलात नऊही दिवस दर लावला होता आणि शिवाय नर्सिंगचे, व्हिजिटचे पैसे पुन्हा वेगळे. मी बिल तीनदा वाचलं होतं, माझी बी.कॉम.ची पदवी आहे, तरी ते दोनदा लावलेत हे मला दिसलं नव्हतं.

तिने मला अर्ज सांगितला, शब्द न् शब्द. बिल तपासणाऱ्या लेखापरीक्षकांकडे कसा द्यायचा, पोच कशी घ्यायची. पैसे परत आले. मी तिला काहीतरी पाठवू का म्हटलं तर म्हणाली, "मला नको. आता तुम्हाला बिल वाचता येतंय. पुण्यात कुणाचं तरी वाचा."

बाबा बरे आहेत. तिला भेटायला घेऊन येईन म्हणत पाच वर्षं गेली. भेटलेच नाही.

---

सात_रस्ता_डॉक्टर | गुरुवार, रात्री १०.४०

लिहू की नको असा विचार करत होतो. माझं २० खाटांचं हॉस्पिटल आहे आणि माझं तिच्याशी वाजलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात म्हणून हेही नोंदवतो.

२०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत बदल झाले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. मी लावलं नव्हतं. ती दोन बायकांना घेऊन आली आणि म्हणाली, सर, फलक कुठे आहे? मी तिला बाहेर काढलं. मला तो अपमान वाटला. मी सरकारी योजनेत होतो तेव्हा माझी बिलं कित्येक महिने अडकून पडायची. पॅकेजचे दर असे की हिशेब जमत नव्हता. ऑक्सिजन, वीज, सिस्टरचे पगार कुणासाठी थांबत नाहीत. आणि ही मुलगी मला फलक विचारते?

आठवड्याने ती एकटी आली. म्हणाली, तुमची अडकलेली बिलं मला दाखवता का? मी चिडूनच फाइल टाकली समोर. तिने माहिती अधिकारात अर्ज केला, जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे किती दावे किती दिवसांपासून थांबलेत म्हणून. नंतर राजस्थानच्या कायद्यावरून आमची पुन्हा जुंपली. तिथे खासगी डॉक्टर संपावर गेले होते. माझं म्हणणं, इमर्जन्सी मोफत करा, पण पैसे कोण देणार आणि कधी, ते कायद्यात लिहा. ती म्हणाली, हे तुम्ही मला लिहून द्या, मी माझ्या मागण्यांत घालते. आणि घातलं. तिच्या निवेदनात चौथ्या क्रमांकाला माझं वाक्य आहे, तीस दिवसांत पैसे न मिळाल्यास व्याजासह द्यावेत.

सगळं पटलं असं नाही. लहान हॉस्पिटलं आणि मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं ती एकाच मापाने मोजायची, असं मला आजही वाटतं. पण फलक लावलाय. बिलातली 'इतर' नावाची ओळ काढून टाकली. ती ओळ कशाची हे तिने विचारलं तेव्हा मलाच सांगता आलं नव्हतं.

---

पूर्वभाग७२ | गुरुवार, रात्री ११.०५

डॉक्टरसाहेब, लिहिलंत ते बरं केलंत.

---

कडकभाकरी | शुक्रवार, सकाळी ८.१५

तिचं स्मारक व्हायला पाहिजे. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे तसं. तेही ३२ व्या वर्षीच गेले की. सोलापूरच्या मातीत काहीतरी आहे. आता तिच्यामुळेच १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झालेत, हे लोकांना कळलं पाहिजे.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ८.५०

भावना कळते, पण दोन गोष्टी दुरुस्त करते, कारण तिने नक्की केल्या असत्या.

तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी होता, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं वगैरे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. आपलं सिव्हिल त्यातलं. त्यामुळे तेव्हा अक्कलकोटला केसपेपर फुकट आणि सोलापूरला आल्यावर पैसे, असं झालं. खेड्यातून आलेली माणसं खिडकीपाशी गोंधळायची. तिने यावरच तर अर्ज केले होते.

दुसरं, तिच्यामुळे निर्णय झाला असं ती कधी म्हणाली नसती. राज्यभर कितीतरी माणसं वर्षानुवर्षं हे मागत होती.

कोटणीसांचं म्हणाल तर ती त्या स्मारकात शाळेच्या मुलांना घेऊन जायची खरी. मुलांना सांगायची, १९३८ ला पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांतला एक आपल्या गावचा. तिथून मुलांना घरी न्यायची तिला गडबड असायची, कारण संध्याकाळी पाचला तिची बिलांची बैठक.

---

जुळे_सोलापूर | शुक्रवार, सकाळी ११.२०

काल मी जो प्रश्न विचारला त्याबद्दल माफी मागतो.

एक विचारायचं आहे, इथे चालेल का माहीत नाही. माझ्या मेहुण्याला धर्मादाय दवाखान्यात नेलंय. रेशनकार्ड पांढरं आहे, धंदा बुडाल्यापासून उत्पन्न मात्र फार कमी. तिथे म्हणतायत सवलत मिळणार नाही. अक्का असती तर तिला विचारलं असतं.

---

बाळीवेसकर | शुक्रवार, सकाळी ११.४५

चालेल. तिच्याच पद्धतीने सांगतो.

धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. दवाखान्याला त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. तेव्हा 'आमच्याकडे तशी सोय नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला आजच टाका. दवाखान्यातल्या समाजसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाही म्हणाले तर ते 'नाही' लेखी मागा. मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचं.

शिवाय महात्मा फुले योजनेत, म्हणजे पूर्वीच्या राजीव गांधी जीवनदायीत, १ जुलै २०२४ पासून कार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही, मर्यादाही पाच लाख झाली. दवाखाना योजनेत आहे का आणि त्यांचा आजार यादीत बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. मी दोनला मोकळा होतो, तिकडे येतो. कुठल्या वॉर्डात ते निरोपात कळवा, इथे नको.

---

बाळीवेसकर | शनिवार, रात्री ९.३०

आज विडी घरकुलात तिच्या घरी जाऊन आलो. आई सूप मांडीवर घेऊन बसली होती. हात चालूच. पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा. म्हणाली, हात थांबला की डोकं चालतं. वडील दाराशी खुर्चीत. ज्यांच्या ऑपरेशनपासून हे सगळं सुरू झालं ते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं.

स्मारकाचं मी बोलून बघितलं. आईने ऐकून घेतलं आणि आत जाऊन पिशवी आणली. तिच्या वह्या. शंभर पानी, अकरा. "हे घेऊन जा. आम्हाला यातलं कळत नाही."

दिवसभर वाचतोय. पहिल्या वहीची पहिली नोंद तिच्या वडिलांची आहे, तारीख आधीची, नंतर आठवून लिहिलेली. प्रत्येक पानावर रेघा मारून रकाने पाडलेत. महिना, आजार, कार्ड, दवाखाना, किती मागितले, किती भरले, पावती आहे की नाही. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद, 'पुढं काय झालं'.

तो बहुतेक पानांवर रिकामा आहे.

डिस्चार्ज झाला की माणसं गावी जातात, कामाला लागतात. कळवायचं राहून जातं. मीही तिला तो रकाना सोडून दे असं म्हणालो होतो. ती म्हणाली होती की निवेदनात किती पैसे वाचले ते घालता येतं, पण माणूस जगला का ते विचारणारा कागद सरकारकडेही नाही. काही नोंदींपुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, म्हणजे फोन लावला आणि लागला नाही.

वह्या मी कुणाला देणार नाही. त्यांत लोकांच्या खासगी गोष्टी आहेत. पण तुमची नोंद त्यांत असेल तर साधारण महिना आणि वर्ष सांगा. नावं नकोत. मी शोधतो आणि तो रकाना भरतो. रविवारी पाचची बिलांची बैठकही होईल, नेहमीच्या जागी. रात्रपाळी, डॉक्टर, जमलं तर या.

---

पूर्वभाग७२ | शनिवार, रात्री ९.५८

२०१७, श्रावण होता. गर्भाशयाचं ऑपरेशन. पुढं काय झालं: बायको ठणठणीत, रोज विड्या वळते. पाठ दुखते म्हणते, पण ते सगळ्यांचंच.

---

सात_रस्ता_डॉक्टर | शनिवार, रात्री १०.३०

पाचला येतो. बिलं वाचायला माझी मदत होईल, आम्ही कुठे काय लिहितो ते मला माहीत आहे.

---

दूरदेशी | शनिवार, रात्री ११.१२

सप्टेंबर २०२०. कोविड, नऊ दिवस. पुढं काय झालं: बाबा रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतात. आणि पुण्यात मी आजवर सात जणांची बिलं वाचली, त्यांतल्या दोघांचे पैसे परत आले. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याच रकान्यात लिहा.

---

जुळे_सोलापूर | रविवार, सकाळी १०.०५

मेहुण्याचा अर्ज घेतला, पोच मिळाली. निर्णय व्हायचाय. दाखला मंगळवारी मिळेल म्हणतात. बाळीवेसकर काका, नवी नोंद करा. रकाना मोकळा ठेवा, मी कळवतो.

---

नवीन_सदस्य_मोहोळ | रविवार, दुपारी ३.४०

नमस्कार. आज पहिल्यांदा इथे लिहितोय, भाच्याने हा धागा दाखवला. मराठी टायपिंग जमत नाही, तोच लिहून देतोय.

२०१८, जानेवारी. गड्ड्याची यात्रा चालू होती म्हणून लक्षात आहे. मुलीच्या हृदयाला छिद्र. शाळेतल्या तपासणीत निघालं होतं, आम्ही घाबरून चार महिने घरीच बसलो होतो. अक्का मोहोळपर्यंत आल्या. ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. नंतर माझा फोन हरवला, नंबर बदलला. त्यांनी लावला असेल तर लागला नसेल.

पुढं काय झालं: मुलगी यंदा नववीत आहे. खो-खो खेळते. पळताना दम लागत नाही.

---

बाळीवेसकर | रविवार, दुपारी ४.२५

सापडलं. वही पाचवी. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. खोडलं, आणि तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं.